करदात्याचा प्रतिनिधी : पात्रता आणि पारख

नर्मदेच्या उत्तर तीरावरचा ग्वारीघाट महाराष्ट्रातील वाचकाला बहुधा परिक्रमेच्या वाटेवरील एक स्थान म्हणून परिचित असतो. जबलपूर शहराच्या दक्षिणेस नदीकडे उतरत जाणाऱ्या पायऱ्या, संध्याकाळची आरती, पानांच्या द्रोणांतून पाण्यावर सोडलेले दिवे आणि पैलतीरावरील गुरुद्वाराकडे ये-जा करणाऱ्या नावा हे या घाटाचे नित्याचे दृश्य होय. परंतु तीर्थाचे ठिकाण ही एक लहानशी बाजारपेठही असते. फुले, नारळ, प्रसाद आणि पूजेचे साहित्य विकणारे दुकानदार, नावाडी, पुरोहित या सर्वांची उपजीविका यात्रेकरूंच्या हातातील रोख पैशावर चालते. घाटाकडून शहराकडे येताना रामपूर येथे वीज कंपन्यांची कार्यालये लागतात. पुढे शहराच्या दुसऱ्या अंगास १९०४ मध्ये स्थापन झालेला तोफगाड्यांचा कारखाना, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील खमरियाचा दारूगोळा कारखाना आणि १९६९ मधील वाहन कारखाना आहे. रोख पैशावर जगणारा दुकानदार आणि पगारावर किंवा निवृत्तिवेतनावर जगणारा नोकरदार अशी दोन्ही प्रकारची माणसे या परिसरात शेजारी शेजारी राहतात. प्राप्तिकराची अडचण मात्र त्यांना दोन निरनिराळ्या दारांनी गाठते.

ही अडचण पूर्वी टपालाने येत असे. आता ती बहुधा मोबाइलवरील संदेशाच्या किंवा ईमेलच्या रूपाने येते, आणि पुष्कळदा आल्याचे कळतही नाही. कळल्यानंतर पहिला प्रश्न उभा राहतो तो कायद्याचा नसतो. कोणाकडे जावे, हा असतो. शेजारी एखाद्याचे नाव सुचवतो, मुलाचा मित्र दुसऱ्याचे, आणि रस्त्यावर ‘करसल्लागार’ अशी पाटी तर जागोजागी दिसते. या पाटीविषयी एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. प्राप्तिकर अधिनियमाने करदात्याचे प्रतिनिधित्व कोणी करावे याची यादी दिली आहे, पण ‘करसल्लागार’ हा शब्द त्या यादीत नाही. ही पाटी कोणालाही लावता येते. तिच्यामागे बसलेला माणूस कोण आहे, हे पाटीवरून समजत नाही.

जबलपूरचे वैशिष्ट्य असे की, करविषयक वादाची जवळजवळ सगळी शिडी या एका शहरात उभी आहे. प्राप्तिकर खात्याची कार्यालये येथे आहेत. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाचे एक पीठ येथे बसते. आणि मध्यप्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य स्थानही येथेच आहे. त्याला इतिहास आहे. १८१७ मध्ये इंग्रजांनी हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. १८६१ मध्ये मध्यप्रांताची स्थापना झाल्यावर जबलपूरचा कारभार नागपुराहून चालू लागला आणि १९५६ पर्यंत तो तसाच चालला. राज्यपुनर्रचनेत राजधानी भोपाळला गेली व उच्च न्यायालय जबलपूरला आले. त्यामुळे शहरात कायदा आणि हिशेब यांवर उपजीविका करणारा वर्ग मोठा आहे. ग्वारीघाटच्या करदात्याला जाणकार माणसांची वाण नाही. त्यांतला आपल्या कामाचा कोणता, हे ओळखणे त्याला कठीण जाते.

जुन्या काळी व्यापाऱ्याची वही आणि तिचा जाणकार मुनीम एवढेच करदात्याचे बळ असे. अधिकाऱ्यासमोर वही उघडून तिचा अर्थ सांगणारा तो पहिला प्रतिनिधी होय. १९२२ च्या प्राप्तिकर अधिनियमाने ही वहिवाट मान्य केली. करदात्याने स्वतःच हजर राहिले पाहिजे असा आग्रह न धरता त्याचा नातेवाईक, नोकर, वकील, लेखापाल किंवा प्राप्तिकर व्यवसायी यांना त्याच्या वतीने उभे राहण्याची मुभा दिली. १९६१ च्या अधिनियमाच्या कलम २८८ ने हीच चौकट अधिक रेखीव केली, आणि १ एप्रिल २०२६ हा अंमलाचा दिवस असलेल्या २०२५ च्या नव्या अधिनियमातही ती मुख्यतः कायम आहे.

कलम २८८ ची यादी मुळातून पाहण्यासारखी आहे. तिच्यात पहिले स्थान करदात्याच्या नातेवाइकाचे व त्याच्या नियमित नोकराचे आहे. म्हणजे वाणिज्य शाखा शिकलेला पुतण्या काकाच्या वतीने लेखी अधिकारपत्र घेऊन उत्तर देऊ शकतो. त्यासाठी त्याला कोणत्याही सनदेची गरज नाही. त्यानंतर ज्या अनुसूचित बँकेत करदात्याचे चालू खाते असेल त्या बँकेचा अधिकारी येतो. आज कोणी बँक अधिकारी असे काम करताना आढळणे विरळाच. पण सावकारी पेढीचा कारभारी आणि व्यापारी यांच्या जुन्या विश्वासाच्या नात्याची ही एक खूण कायद्यात राहून गेली आहे. पुढे दिवाणी न्यायालयात वकिली करण्याचा अधिकार असलेला वकील, लेखापाल आणि मान्यताप्राप्त परीक्षा वा शैक्षणिक पात्रता असलेला प्राप्तिकर व्यवसायी असे तीन व्यावसायिक वर्ग येतात. यांतील ‘लेखापाल’ या शब्दाचा अर्थ कायद्याने ठरवलेला आहे. १९४९ च्या अधिनियमाखाली स्थापन झालेल्या संस्थेचा सदस्य आणि व्यवसाय करण्याचे प्रमाणपत्र धारण करणारा चार्टर्ड अकाउंटंट, म्हणजेच सनदी लेखापाल, एवढाच तो अर्थ आहे. दुकानात हिशेब लिहिणारा कितीही निष्णात असला तरी या अर्थाने लेखापाल ठरत नाही.

या मुभेला एक मर्यादा आहे. अधिकाऱ्याने शपथेवर जबानी घेण्यासाठी करदात्यालाच बोलावले, तर तेथे प्रतिनिधी त्याच्याऐवजी बोलू शकत नाही. तसेच प्राप्तिकराच्या कामकाजासंबंधी गुन्ह्यात दोषी ठरलेली किंवा सरकारी सेवेतून बडतर्फ झालेली व्यक्ती प्रतिनिधी होण्यास अपात्र ठरते. ‘मी पूर्वी खात्यातच होतो’ असे सांगणाऱ्याला खात्यातून बाहेर कसे पडलात, असे विचारण्यात म्हणूनच काही गैर नाही.

तीन व्यावसायिक वर्गांत उच्च-नीच असा क्रम लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्यांची कामे वेगळी आहेत. सनदी लेखापाल हिशेबातून सत्य शोधतो. काही कामे तर कायद्याने त्याच्याकडेच सोपवली आहेत. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक उलाढाल असलेल्या धंद्याचे करविषयक लेखापरीक्षण हे त्यांपैकी मुख्य होय. ही मर्यादा साधारणपणे एक कोटी रुपयांची असून, रोखीचा व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असल्यास ती दहा कोटींपर्यंत जाते. असे लेखापरीक्षण एका सनदी लेखापालाने वर्षाला साठाहून अधिक करू नये, असा त्यांच्या संस्थेचा नियम आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो वैध ठरवला. वकील पुराव्याची मांडणी आणि कायद्याचा अर्थ यांत वाकबगार असतो. प्राप्तिकर व्यवसायी हा बहुतेक लहान करदात्यांच्या सर्वात जवळचा. त्याचे शुल्क कमी असते, तो उपलब्ध असतो, आणि वर्षानुवर्षे त्याच गल्लीतली विवरणपत्रे भरल्यामुळे त्या गल्लीतल्या धंद्याची रीत त्याला माहीत असते. घाटावर श्रावणात किती विक्री होते आणि पावसाच्या पुरात किती, हे त्याला समजावून सांगावे लागत नाही. लहान प्रकरणात ही माहिती मोठ्या पदवीपेक्षा अधिक उपयोगी पडू शकते.

अडचण कोणत्या टप्प्यावर आहे, हे पाहिल्याशिवाय योग्य माणूस ठरवता येत नाही. एक उदाहरण घेऊ. समजा, घाटावरील पूजासाहित्याच्या एका दुकानदाराने वर्षभरातील विक्रीचे चौदा लाख रुपये थोडे थोडे करून आपल्या बचत खात्यात रोखीने भरले. नफा थोडा असल्याने कर लागत नाही, अशा समजुतीने त्याने विवरणपत्र भरले नाही. बँकेने मोठ्या रोख भरण्याची माहिती नियमाप्रमाणे खात्याला कळवली, आणि काही काळाने त्याला नोटीस आली की, या रकमेचा स्रोत सांगा.

या प्रश्नाला दोन उत्तरे संभवतात, आणि त्यांच्या परिणामांतील अंतर पाहिले म्हणजे योग्य सल्ल्याचे मोल ध्यानात येते. ही रक्कम धंद्याची विक्री होती हे खरेदीची बिले, पुरवठादारांची देणी, रोज भरलेल्या लहान लहान रकमांचा क्रम यांवरून पटवून देता आले, तर लहान धंद्यासाठी असलेल्या अनुमानित उत्पन्नाच्या तरतुदीचा आधार घेता येतो. तिच्यानुसार रोख विक्रीच्या आठ टक्के रक्कम उत्पन्न धरली जाते. चौदा लाखांवर हे उत्पन्न १ लाख १२ हजार रुपये होते. ते करमुक्त मर्यादेच्या आतच राहते. पण उत्तर दिले नाही, किंवा ‘काही पैसे नातेवाइकांनी दिले, काही घरात होते’ असे विस्कळीत उत्तर दिले, तर हीच रक्कम स्रोत न सांगितलेला पैसा म्हणून धरली जाऊ शकते. १९६१ च्या अधिनियमाखाली २०१७-१८ या निर्धारण वर्षापासून अशा पैशावर साठ टक्के कर, त्यावर पंचवीस टक्के अधिभार आणि पुढे उपकर आकारला गेला. चार टक्के उपकर धरला तर ही आकारणी एकंदर ७८ टक्के होते, आणि खर्चाची कोणतीही वजावट मिळत नाही. चौदा लाखांवर ती १० लाख ९२ हजार रुपये भरते. व्याज आणि शास्ती वेगळीच. एकाच दुकानातला, एकाच वर्षातला तोच पैसा. एका उत्तराने कर शून्य आणि दुसऱ्याने दुकान विकण्याची पाळी.

यावरून दोन गोष्टी दिसतात. पहिली, पहिले लेखी उत्तर हे पुढच्या साऱ्या इमारतीचा पाया असते. त्यात घाईने लिहिलेले वाक्य अपिलात पुसता येत नाही. तेव्हा नोटिशीच्या टप्प्यावर स्वस्तातला माणूस पाहावा आणि प्रकरण बिघडल्यावर मोठ्या वकिलाकडे जावे, ही सर्वत्र आढळणारी रीत उलटी आहे. दुसरी, या टप्प्यावर लागणारे कौशल्य भाषणाचे नसून जुळवणीचे आहे. बिले, खातेउतारे आणि तारखा एका सुतात ओवणारा मनुष्य येथे हवा. तो सनदी लेखापाल असेल, अनुभवी प्राप्तिकर व्यवसायी असेल, किंवा करकायद्यात मुरलेला वकील असेल. विवरणपत्रातील बेरीज आणि खात्याची बेरीज यांत फरक पडल्याची साधी सूचना आली असेल, तर मात्र इतक्या तयारीचे कारण नसते. कापलेल्या कराचा आकडा चुकला असल्यास तो दुरुस्त करून घेणे घरातल्या शिकलेल्या मुलीलाही जमण्यासारखे काम आहे. प्रत्येक सूचनेला मोठा सल्लागार गाठणे हाही एक अपव्ययच होय.

पूर्वी प्रतिनिधी निवडताना आणखी एका गुणाला फार महत्त्व दिले जाई. तो म्हणजे ‘साहेबांशी ओळख’. अमक्याचे कार्यालयात वजन आहे, एवढ्यावर त्याच्याकडे गर्दी होत असे. हा गुण खरोखर किती उपयोगी होता हे सांगणे कठीण आहे; परंतु २०१९ मध्ये मुखविरहित करनिर्धारणाची योजना आली आणि २०२० मध्ये ती मोठ्या प्रमाणावर लागू झाली, तेव्हापासून या दाव्याचा आधारच नाहीसा झाला आहे. आता बहुसंख्य छाननी प्रकरणे संगणकाद्वारे देशातील कोणत्याही केंद्राकडे जातात. जबलपूरच्या करदात्याचे प्रकरण कोणता अधिकारी हाताळतो, हे करदात्याला कळत नाही आणि त्याच्या प्रतिनिधीलाही कळत नाही. उत्तर लेखी द्यायचे, कागद संगणकावर चढवायचे, आणि तोंडी म्हणणे मांडायचे असल्यास दूरदृश्य माध्यमातून सुनावणी मागायची, अशी ही पद्धत आहे. अशा पद्धतीत जो ओळखीचे आश्वासन देतो, त्याने एकतर पद्धत समजून घेतलेली नाही, किंवा तो समोरच्याला फसवीत आहे. या बदलाचा दुसरा परिणाम म्हणजे नीट आणि नेमके लिहिता येणे हा प्रतिनिधीचा मुख्य गुण झाला आहे. त्याने पूर्वी दिलेल्या एखाद्या उत्तराचा नमुना, नावगाव झाकून, पाहायला मागितल्यास दोन पानांत त्याची पारख होऊ शकते.

आता नोकरदाराकडे वळू. त्याचा पगार मालक कळवतो, कर मालकच कापतो. लपवण्याजोगे त्याच्याकडे फारसे काही नसते. त्याला गाठणारी अडचण बहुधा मदतीच्या रूपाने येते. ‘कापलेला कर परत मिळवून देतो, मिळाल्यावर काही टक्के द्या’ असे सांगणारा कोणीतरी कार्यालयाच्या उपाहारगृहात भेटतो. एकाचा परतावा आला की त्याचे नाव विभागभर होते. हा परतावा बहुधा खोट्या वजावटींतून निर्माण केलेला असतो. न भरलेले घरभाडे, न दिलेल्या देणग्या, न घेतलेले शैक्षणिक कर्ज, घरात कोणाला नसलेला आजार. जुलै २०२५ मध्ये प्राप्तिकर खात्याने देशभर अनेक ठिकाणी अशा विवरणपत्रे भरून देणाऱ्यांची तपासणी केली. त्याआधीच्या झडत्यांत असे पुरावे सापडलेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि मध्यप्रदेश या दोहोंचीही नावे खात्याने जाहीर केली होती. त्यापूर्वीच्या चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार करदात्यांनी आपली विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे आपण होऊन मागे घेतले, असेही खात्याने सांगितले. या निवेदनातील एक तपशील विशेष बोलका आहे. हे लोक शेकडो विवरणपत्रे भरण्यापुरते तात्पुरते ईमेल पत्ते तयार करीत आणि मग ते सोडून देत. खात्याच्या नोटिसा त्या सोडून दिलेल्या पत्त्यांवर जात राहिल्या, आणि ज्याच्या नावाची नोटीस होती त्याला तिची वार्ताही नव्हती.

अशा माणसाला ओळखण्याची खूण त्याच्या शुल्काच्या मागणीतच असते. सनदी लेखापालाने, काही मोजके अपवाद सोडता, कामाच्या फळावर अवलंबून असलेले किंवा टक्केवारीचे शुल्क घेणे हे १९४९ च्या अधिनियमाच्या अनुसूचीनुसार व्यावसायिक गैरवर्तन ठरते. निकालावर अवलंबून शुल्क ठरवण्यास वकिलांनाही त्यांच्या परिषदेच्या नियमांनी मनाई आहे. या मनाईमागे कोरडी शिस्त नाही; तिला व्यवहाराचा आधार आहे. ज्याचा हिस्सा परताव्याच्या आकड्यावर ठरतो, त्याला तो आकडा फुगवण्याचा मोह होणारच, आणि फुगवलेल्या आकड्याखाली सही मात्र दुसऱ्याची असते. तेव्हा टक्केवारी मागणारा हा एकतर सनदधारक नाही, किंवा सनदेचा नियम मोडायला तयार झालेला सनदधारक आहे. दोन्ही परींनी त्याच्याकडे न जाणे बरे.

सहीचा हा मुद्दा थोडा विस्ताराने पाहिला पाहिजे, कारण सर्वसामान्य समजूत याच्या नेमकी विरुद्ध आहे. ‘मी काय करणार, भरले त्याने’ असे करदाता म्हणतो. कायदा विवरणपत्राच्या सत्यापनाची जबाबदारी करदात्यावर ठेवतो. उत्पन्न कमी दाखवल्यास त्यावरील कराच्या पन्नास टक्के, आणि ते खोट्या कागदांच्या वा खोट्या दाव्यांच्या आधारे कमी दाखवले असल्यास दोनशे टक्के शास्ती, अशी १९६१ च्या अधिनियमातील तरतूद आहे. अहवालात वा दाखल्यात चुकीची माहिती देणाऱ्या लेखापालालाही दहा हजार रुपयांची शास्ती आहे, आणि खोट्या कामास प्रवृत्त करणाऱ्यावर खटला होऊ शकतो. परंतु त्यामुळे करदात्याचे देणे कमी होत नाही. चूक ध्यानात आल्यावर नोटिशीची वाट न पाहता अद्ययावत विवरणपत्र भरण्याची सोय २०२२ मध्ये करण्यात आली. २०२५ मध्ये तिची मुदत दोन वर्षांवरून चार वर्षांपर्यंत वाढवली गेली. उशीर होईल तसा जादा कर २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत चढत जातो. खरा सल्लागार अशा वेळी हा कडू घोट घ्यायला सांगतो. त्याच्याकडे गर्दी कमी असण्याचे हेही एक कारण असावे.

प्रतिनिधीची सनद तपासणे पूर्वीपेक्षा आता सोपे झाले आहे. सनदी लेखापालाला सदस्य क्रमांक असतो, आणि त्याच्या संस्थेकडे त्याची खातरजमा करता येते. मात्र सदस्य असणे आणि व्यवसायाचे प्रमाणपत्र असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या कंपनीत नोकरी करणारा सदस्य असूनही बाहेरचे लेखापरीक्षण करण्यास पात्र नसतो. २०१९ पासून सनदी लेखापालाच्या प्रत्येक दाखल्यावर अठरा स्थानांचा एक ओळखक्रमांक टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. बँकेच्या किंवा कराच्या कामासाठी दिलेला दाखला खरोखर त्यानेच दिला आहे काय, हे त्या क्रमांकावरून कोणालाही पाहता येते. वकिलाची नोंद राज्याच्या वकील परिषदेकडे असते, आणि मध्यप्रदेशची परिषद जबलपुरातच आहे. प्राप्तिकर व्यवसायीच्या नावाची नोंदणी खात्याकडे होते. तिचा दाखला त्याने दाखवला पाहिजे. वस्तू व सेवा कराचे काम असेल तर त्यासाठी वेगळी नोंदणी असते. २०१७ मध्ये तो कर आल्यापासून त्या कराच्या व्यवसायींचा एक स्वतंत्र वर्ग तयार झाला आहे. एका कराची नोंदणी असलेला माणूस दुसऱ्याचे काम आपोआप करू शकतोच असे नाही. हे सगळे विचारताना संकोच वाटतो हे खरे. परंतु सनद ही जाहीर गोष्ट आहे. जो ती विचारल्यावर रागावतो, त्याच्याविषयी तेवढ्यावरूनच बरेच समजते.

सनदेखेरीज आणखी एक दक्षता आहे, आणि लहान करदात्यांच्या बाबतीत तीच सर्वात अधिक दुर्लक्षिली जाते. खात्याच्या संकेतस्थळावरील आपल्या नोंदीत ईमेल आणि मोबाइल क्रमांक कोणाचा आहे? पुष्कळ ठिकाणी तो विवरणपत्र भरणाऱ्याचा असतो, आणि प्रवेशाचा परवलीचा शब्दही त्याच्याच वहीत असतो. प्रारंभी ही सोय वाटते. त्याने दुकान बंद केले, गाव सोडले किंवा तो वारला, म्हणजे करदात्याचा आपल्याच खात्याशी संबंध तुटतो. चांगला प्रतिनिधी पहिल्याच भेटीत करदात्याचा वा त्याच्या घरच्यांचा क्रमांक तेथे घालतो, दिलेल्या प्रत्येक उत्तराची आणि पोचपावतीची प्रत हाती देतो, आणि अधिकारपत्रात कोणत्या वर्षाचे व कोणत्या कामाचे अधिकार दिले ते स्पष्ट लिहितो. कोऱ्या कागदावर सही मागणाऱ्याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

प्रतिनिधीच्या हलगर्जीपणाने मुदत टळली तर काय, हा प्रश्न न्यायालयांपुढे अनेकदा आला आहे. रफीक विरुद्ध मुन्शीलाल या १९८१ च्या प्रकरणात वकील गैरहजर राहिल्यामुळे उच्च न्यायालयाने फेटाळलेले अपील सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ऐकण्यास सांगितले. वकील नेमून, त्याचे शुल्क देऊन गावी परतलेल्या पक्षकाराने वकिलावर पहारा ठेवावा अशी अपेक्षा करता येत नाही, असा त्यामागचा विचार होता. करविषयक अपिलांत विलंब माफ करून घेताना या विचाराचा आधार घेतला जातो. परंतु तो आधार मिळेलच अशी हमी नाही. उशिराचे कारण दिवसवार सांगावे लागते, आणि आपण वेळोवेळी चौकशी केली होती याचा पुरावा असल्यास पारडे जड होते. ज्याने नेमल्यानंतर तीन वर्षांत एकदाही विचारले नाही, त्याच्याविषयी न्यायाधीशाला सहानुभूती वाटणे अवघड असते.

आदेश विरुद्ध गेला, की शिडीची दुसरी पायरी येते. १९६१ च्या अधिनियमाप्रमाणे पहिले अपील आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत करायचे असते, आणि त्याचे शुल्क जास्तीत जास्त एक हजार रुपये आहे. वसुली थांबवण्यासाठी वादातील रकमेच्या वीस टक्के भरण्याचा सर्वसाधारण दंडक २०१७ मध्ये घालण्यात आला. वर घेतलेल्या उदाहरणात ही रक्कम २ लाख १८ हजार ४०० रुपये येते. घाटावरच्या दुकानदाराला तीही जड आहे, म्हणून ती कमी करून मागण्याचा अर्ज नीट लिहिणारा प्रतिनिधी त्याला हवा. या पायरीचे एक विशेष महत्त्व आहे. सप्टेंबर २०२४ पासून, काही अपवाद सोडता, साठ लाख रुपयांपर्यंतच्या करवादात खाते न्यायाधिकरणाकडे जात नाही. म्हणजे दहा-अकरा लाखांच्या वादात करदाता पहिल्या अपिलात जिंकला, तर प्रकरण सहसा तेथेच संपते. जी काही शक्ती आणि जो काही पैसा असेल, तो येथे खर्च करणे शहाणपणाचे.

पहिल्या अपिलात हार झाल्यास करदात्याला न्यायाधिकरणाकडे जाता येते. आदेश ज्या महिन्यात मिळाला त्याच्या अखेरपासून दोन महिने, अशी मुदत ऑक्टोबर २०२४ पासून आहे, आणि शुल्काची कमाल मर्यादा दहा हजार रुपयांची आहे. वस्तुस्थितीचा शेवटचा निवाडा येथे होतो. घाटावर खरोखर विक्री होत होती काय, या प्रश्नाचे उत्तर न्यायाधिकरणाने एकदा दिले की पुढे ते सहसा बदलत नाही. म्हणून कागदांचे क्रमवार, पृष्ठांकित संकलन आणि ते दोन न्यायासनांपुढे दोन वाक्यांत समजावून सांगण्याची हातोटी ज्याच्यापाशी आहे, त्याला येथे नेमावे. तो सनदी लेखापाल आहे की वकील, याला येथे फारसे महत्त्व नाही. कायद्याने दोघांनाही हे दार उघडे आहे.

त्यापुढे उच्च न्यायालय. तेथे एकशेवीस दिवसांत जावे लागते, आणि तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होत असेल तरच. या दाराशी सनदी लेखापालाचा आणि प्राप्तिकर व्यवसायीचा अधिकार थांबतो. बोलण्याचा हक्क केवळ वकिलाला असतो. तरीही अनुभवी करवकील प्रकरण हाती घेताना पहिल्या नोटिशीचे उत्तर ज्याने लिहिले त्याला बोलावून घेतात, आणि सुनावणीच्या दिवशी तो मागच्या बाकावर कागदांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसलेला असतो.